पाथरीत सहज

पाथरीतल्या जुन्या गल्ल्या पालथ्या घालून मामा-भाची चहाला टेकले होते. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. भाची पुण्याची, नुकतीच स्पेनमधलं तोलेदो पाहून आलेली.

भाची : मामा, तुम्ही दर भिंतीपाशी थांबून सन सांगता. मला नुसतं फिरायचं होतं. तोलेदोत मी तशीच भटकले. नकाशा नाही, गाईड नाही.

मामा : आणि काय बघितलंस?

भाची : चढाचे अरुंद बोळ. एका इमारतीत पांढऱ्याशुभ्र कमानींच्या रांगाच रांगा, नालेच्या आकाराच्या. पाय निघेना तिथून.

मामा : सांता मारिया ला ब्लांका असणार. मूळचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पुढे त्याचं चर्च झालं. १४९२मध्ये राजाराणीनं धर्म न बदलणाऱ्या साऱ्या ज्यूंना स्पेनबाहेर घालवलं. तू कमानींवर खूश झालीस, पण त्या कमानी कुणी सोडल्या हे तुला ठाऊकच नाही. हा त्या माणसांवर अन्याय नाही का?

भाची : ठाऊक असतं तर हळहळले असते. पण गावांचं वाटोळं कुणी केलं, मामा? माझ्यासारख्या उपऱ्यांनी, की ‘हे आमचं’ म्हणत आलेल्यांनी? बुऱ्हाण निजामशहाचं तुम्हीच सांगितलंत ना सकाळी?

मामा : हौ, ते खरं आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ इथल्या कुलकर्ण्यांच्या घरात. मलिक हसन हा जन्मानं ब्राह्मणाचा मुलगा, विजयनगरच्या स्वारीत बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. त्याचा नातू बुऱ्हाण. पूर्वजांचं गाव म्हणून त्याला पाथरी हवी होती, आणि पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बदल्यात दुसरा मुलूख देतो म्हणाला, पण इमादशहा ऐकेना. शेवटी १५१८मध्ये बुऱ्हाणनं फौज आणली.

भाची : म्हणजे पूर्वजांच्या गावाच्या ओढीनं फौज आली! ज्याला पाथरीचं काहीच लागत नव्हतं, असा कुणी वाटसरू तेव्हा इथून गेला असेल. त्यानं निदान कुणाचं घर तरी मोडलं नाही.

मामा : वाचवलंही नाही. मघाशी त्या वाड्याच्या जोत्यातला दगड बघितलास? वर चुन्याचे थर, मध्येच कीर्तिमुखाचा एक डोळा आणि सुळे दिसतात, कडेला दोरी बांधून कपडे वाळत घातलेत. तू ‘किती सुंदर’ म्हणालीस, फोटो काढलास, पुढे गेलीस. उद्या वाडा पडला की तो दगड पायाभरणीत जाईल. ‘आपलं आहे’ म्हणणाराच तिथं आडवा पडेल. ओढ नसलेला माणूस निरुपद्रवी असतो हे मान्य. पण त्याच्या भरवशावर काही टिकत नाही, पोरी.

भाची : आणि ओढ असलेले? साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीला शंभर कोटी जाहीर झाले, तर त्याच्या निषेधात जानेवारी २०२०मध्ये शिर्डी बंद. दोन्हीकडे भक्तच. बाबांनी मात्र आपलं गाव कधी धड सांगितलं नाही. तेही शिर्डीत उपरेच होते ना?

(मामांनी कप खाली ठेवला. पाथरीच्या माणसाला हा विषय सोपा नाही.)

मामा : इथल्या लोकांची श्रद्धा मी खोटी म्हणणार नाही. पण तुझा दाखला अर्धाच आहे. ते आले उपरे म्हणून, पण राहिले. पडक्या मशिदीत आयुष्य काढलं, तिथं दिवे लावले. त्यांनी हक्क सांगितला नाही, आणि पाठही फिरवली नाही.

भाची : तसं राहायला एक जन्म लागतो. मी तर दोन दिवस आलेय. मग माझ्यासारखीनं कुठं फिरूच नये?

मामा : असं कसं म्हणेन? मी दर भिंतीचा सन पाठ केला, पण तुझ्यासारखं पाय निघेना असं मला कितीदा झालंय, ते आठवावं लागेल.

भाची : मग त्या वाडेवाल्याशी बोलूया का? दगड नीट ठेवा म्हणून?

मामा : कोणत्या नात्यानं? मी गेलो तर म्हणेल, मास्तर माझ्या घरावर हक्क सांगायला आले. तू गेलीस तर म्हणेल, ही पुण्याची बाई कोण?

भाची : कपडे बाजूला करून दगड दाखवा म्हणू. आधी त्याला त्याच्याबद्दल काय वाटतं ते ऐकू.

मामा : आणि त्याला काहीच वाटत नसलं तर?