आसाच्या भोकातलं सुख

‘सुख’ हा शब्द आधी रथाला लागला, माणसाला मागाहून. ऋग्वेदात तो रथाचं विशेषण म्हणून येतो. पारंपरिक व्युत्पत्ती सांगते, ‘सु’ म्हणजे चांगलं आणि ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातलं आसाचं भोक. भोक नीट कोरलेलं असलं की रथ दणके न देता पळतो. तेच वाकडं असलं की दुःख. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत कोशात हिच्या शेजारीच दुसरी शक्यता नोंदलेली आहे: ‘सुख’ हे ‘सुस्थ’चं प्राकृत रूप असावं. सुस्थ, म्हणजे नीट उभं असलेलं.

नीट चालणं की नीट उभं राहणं? हा प्रश्न अमेरिकेतल्या पिकअप मालकापुढे अगदी शब्दशः येतो. त्याला ट्रक दोन-चार इंच उंचही हवा असतो आणि लोण्यासारखा मऊ पळणाराही.

२०२३ पर्यंतच्या टोयोटा टॅकोमासारखा ट्रक घेऊ. मागचे पाटे माल वाहण्यासाठी बेतलेले असतात, त्यामुळे हौदा रिकामा असला की ते पुरते दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्डा थेट पाठीत बसतो. त्यात उंची वाढवण्याचा सर्वात स्वस्त उपाय म्हणून पुढच्या स्प्रिंगवर दोन बोटं जाडीची चकती चढवतात. स्प्रिंग आणखी दाबली जाते, नाक वर येतं, फोटो छान निघतो. पण शॉकअब्सॉर्बर आता आधीच ताणलेला असतो. चाक खड्ड्यात उतरू लागलं की त्याची खाली जायची वाट लवकर संपते आणि ‘ठक्’ असा आवाज थेट स्टिअरिंगमध्ये येतो. उंची मिळाली, सुख गेलं. त्याहून वर गेलं की बॉल जॉइंटचे आणि पुढच्या शाफ्टचे कोन बिघडतात, वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, अलाइनमेंट नव्यानं करावं लागतं. मागे आसावर ठोकळे घातले तर उंची वाढते, पाटे मात्र तेच कडक राहतात.

मिलिंदप्रश्नात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक राजा मिनँडरला, विचारतो: आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की हे सगळं एकत्र आल्यावर त्याला रथ हे नाव पडतं. गाडीच्या मऊपणाचंही तसंच आहे. तो एकट्या स्प्रिंगमध्ये नाही, एकट्या शॉकमध्ये नाही, टायरच्या हवेतही नाही. एका जागी दोन इंच वाढवले की बाकीच्यांना त्याची दखल घ्यावीच लागते. म्हणूनच नेहमीच्या वजनाला जुळणारे स्प्रिंग, पाटे आणि शॉक एकत्र बदलून घेतलेली दोन इंचांची लिफ्ट नुसत्या चकत्यांच्या चार इंचांपेक्षा कितीतरी शहाणपणाची.

पण रथात बसलेल्याचं सुख एवढाच हिशेब पुरा नाही. चाकांमधल्या अंतराचं निम्मं, भागिले गुरुत्वमध्याची उंची: गाडी उलटण्याचा धोका अमेरिकी सरकार या आकड्यानं मोजतं, आणि उंची वाढली की आकडा घसरतो, म्हणजे धोका वाढतो. रस्त्यावरचा पायी माणूस तर या हिशेबात धरलेलाच नसतो. तिथल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीनं २०२३ साली दाखवून दिलं की बॉनेट ४० इंचांहून उंच असलं, तर ३० इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत धडकेत पादचारी मरण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला, अशा ट्रकांना नॉर्थ कॅरोलिनानं २०२१ मध्ये कायद्यानं मनाई केली; चालकाला समोरचा रस्ताच नीट दिसत नाही. ज्या उंचीवरून बंपरपुढचं पोर दिसत नाही तिला ‘सुस्थ’ म्हणता येणार नाही, मग सीट कितीही मऊ असो.

चांगला मेकॅनिक अशा वेळी किती इंच हवेत हे आधी विचारतच नाही. तो टेप घेऊन गुडघ्यावर बसतो, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंची उंची मोजतो, रिकाम्या हौद्याकडे बघतो आणि म्हणतो, “साहेब, रोज मागं किती वजन नेता ते आधी सांगा.”