उपाय सांगणाऱ्याचे उत्तरदायित्व

आपणांस सापडलेला उपाय इतरांस सांगणे हा परोपकार होय, असे आपण मानतो. परंतु तो उपाय कोठे लागू पडत नाही आणि त्याची किंमत काय, हे जो सांगत नाही, त्यास उपकारकर्ता म्हणावे काय? संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्यांच्या व्यवसायात या प्रश्नास मोठे महत्त्व आहे.

त्यांच्या कामात काही पेच वारंवार उद्भवतात. अशा पेचाचे अनुभवसिद्ध उत्तर नाव देऊन लिहून ठेवले, की त्यास ‘डिझाइन पॅटर्न’, म्हणजे रचनेचा आकृतिबंध, म्हणतात. कल्पना मूळची वास्तुकलेतील. ख्रिस्तोफर अलेक्झांडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली असे २५३ आकृतिबंध ग्रंथबद्ध केले. सहा फुटांहून अरुंद सज्जाचा वापर क्वचितच होतो, हा त्यांतील एक; दोघातिघांना मेज ठेवून ऐसपैस बसता येत नाही, हे कारणही सोबत दिले आहे. विशेष म्हणजे कोणत्या आकृतिबंधावर किती भरवसा ठेवावा, हे त्यांनी तारकांनी दर्शविले. दोन तारका म्हणजे खात्री, एक म्हणजे काही प्रगती, आणि तारका नसेल तर शोध अपुरा असल्याची स्पष्ट नोंद.

एरिक गामा प्रभृती चौघांनी १९९४ साली आज्ञावलींसाठी २३ आकृतिबंध प्रसिद्ध केले. प्रत्येकाचा हेतू, उपयोगाचे प्रसंग, परिणाम व प्रत्यक्षातील उदाहरणे यांस तेथे स्वतंत्र कलमे आहेत. मात्र ‘सिंगलटन’, म्हणजे एखाद्या घटकाची एकच प्रत राखण्याचा आकृतिबंध, याच्या परिणामांत केवळ लाभच नोंदलेले आढळतात. त्या एका प्रतीवर अनेक भाग नकळत विसंबतात आणि प्रत्येकाची वेगळी चाचणी घेणे अवघड होते, हा तोटा अनेकांना पुढे अनुभवाने कळला. तो आकृतिबंध आपण वगळू, असे खुद्द गामा यांनी २००९ साली एका मुलाखतीत सांगितले.

कोणी म्हणेल, घाईत असलेल्या माणसास उपाय हवा असतो, मीमांसा नको. शासकीय सेवेत सकारण आदेशाचे महत्त्व जाणलेल्या माझ्यासारख्यास हे पटत नाही. कारणाविना दिलेल्या आदेशाचे पालन होऊ शकते, परीक्षण होऊ शकत नाही. परिस्थिती पालटली तरी तो तसाच पाळला जातो, आणि त्याचा भुर्दंड आदेश लिहिणाऱ्यास नव्हे, तर पाळणाऱ्यास पडतो.

म्हणून उपायाबरोबर त्याची मर्यादा लिहिणे हा केवळ लेखनाचा गुण नसून वाचकाच्या विवेकाचा राखलेला मान आहे. सल्ला देणाऱ्याने आपल्या खात्रीचे मापही सोबत द्यावे. ते न देता दिलेला सल्ला अर्धाच होय.