‘क्लास’ म्हणजे नेमके काय?



या वेळी एका साध्या इंग्रजी शब्दावर थोडे थांबू या. शब्द आहे ‘क्लास’. आपण तो दिवसातून किती वेळा आणि किती अर्थांनी वापरतो, हे कधी मोजून पाहिले आहे का? मुलांना गणिताचा क्लास लावतो. जेवण चांगले झाले की ‘एकदम क्लास!’ म्हणतो. साहेब रागावले, तर त्यांनी आपला ‘क्लास घेतला’ असे सांगतो. गावाकडे कोणी ‘क्लास वन’ अधिकारी झाला की वाड्यावस्तीवर पेढे वाटले जातात, आणि एखाद्याचे वागणे आवडले नाही की तो ‘थर्ड क्लास माणूस’ ठरतो. इकडे ब्रिटनमध्ये पदवी फर्स्ट क्लासची, टपालाचे तिकीट फर्स्ट किंवा सेकंड क्लासचे, आणि माणूस वर्किंग क्लासचा नाही तर मिडल क्लासचा.

या सगळ्या अर्थांत एक धागा आहे. क्लास म्हणजे विभागणी. प्राचीन रोममध्ये नागरिकांची मालमत्तेनुसार जी विभागणी होई, तिच्या लॅटिन नावावरून हा शब्द आला. म्हणजे जन्मापासूनच हा शब्द मोजमापाचा आहे: कोण किती, आणि कोणाच्या वर. शाळेची इयत्ता, रेल्वेचा डबा, समाजातला थर हे सगळे नंतर आले.

हा केवळ भाषेचा खेळ असता, तर धम्माच्या या पत्रात त्याला जागा दिली नसती. पण या शब्दापाशी आपल्यापुढे सम्यक वाचेचा एक खरा प्रश्न उभा राहतो. ऑफिसात, मुलांच्या शाळेत किंवा शेजारी कोणी इंग्रज सहज विचारतो, ‘तुमच्याकडे ते कास्ट म्हणतात, ते नक्की काय असते?’ घाईत आपण उत्तर देतो, ‘तुमच्या क्लास सिस्टीमसारखेच.’ समोरच्याला पटकन समजल्यासारखे वाटते, आपलीही अवघडलेपणातून सुटका होते. प्रश्न असा, की हे उत्तर खरे आहे का? आणि खरे नसेल, तर ते देण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

बाबासाहेबांनी या प्रश्नाला हात घातला तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला, आणि त्याच वर्षी ते शिक्षणासाठी लंडनला आले. त्या निबंधात त्यांनी वर्ग आणि जात यांचे नाते उलगडून दाखवले. वर्ग सगळ्याच समाजांत असतात. पण एखादा वर्ग आपली दारे आतून लावून घेतो, बाहेर लग्न करणे बंद करतो, तेव्हा त्याची जात होते. ज्यांनी आधी दारे लावली त्यांचे पाहून इतरांनी लावली, आणि काहींच्या तोंडावर ती लावली गेली. म्हणजे वर्ग आणि जात यांचे मूळ दूरचे नाही, पण दोन्ही एक नाहीत. त्यांच्यातला फरक दाराचा आहे.

तथागतांच्या काळातही हा फरक माहीत होता. मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात तरुण ब्राह्मण अस्सलायन वर्णश्रेष्ठतेचा दावा घेऊन येतो. भगवंत त्याला विचारतात, की योन, कंबोज आणि इतर सीमेवरच्या देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास. तिथे मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक, हे तू ऐकले आहेस ना? अस्सलायनाला ‘होय’ म्हणावे लागते. नीट पाहिले तर हे वर्गाचेच वर्णन आहे. दास्य वाईटच, पण ते जन्माला खिळलेले नाही. चार वर्णांची रचना सगळ्या जगाला लागू असलेला निसर्गनियम आहे, हा दावा त्या एका प्रश्नाने कोसळतो.

आता ब्रिटनच्या क्लासकडे पाहा. तो हलका नाही. बोलण्याच्या ढंगावरून, शाळेच्या नावावरून, संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’ म्हणता की ‘डिनर’ यावरूनही इथे माणूस जोखला जातो. खाणकामगाराच्या मुलाला वर चढायला फार कष्ट पडतात. पण तो चढला, तर त्याच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही. त्याने दिलेला प्रसाद कोणी नाकारत नाही. पदवी घेऊन, पैसा मिळवून, समुद्र ओलांडून आल्यावरही कोणी त्याचे आडनाव विचारून मनातल्या मनात हिशेब मांडत नाही. आपल्याबाबतीत तो हिशेब लेस्टरमध्येही होऊ शकतो आणि साउथहॉलमध्येही. म्हणून ‘तुमच्या क्लाससारखेच’ हे उत्तर अर्धे आहे, आणि अर्धे राहिले की ते अन्याय करणाऱ्याच्या सोयीचे होते.

इथल्या कायद्यातही हा गुंता दिसतो. २०१० च्या समता कायद्यात संरक्षित अशी नऊ वैशिष्ट्ये आहेत. त्यांत वंश आहे, धर्म आहे, क्लास नाही. जातीसाठी कलम ९ मध्ये जागा ठेवली होती: मंत्र्यांना आदेश काढून जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करता येईल. २०१३ मध्ये संसदेने ‘करता येईल’च्या जागी ‘करावा लागेल’ असे केले. आदेश मात्र निघाला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एका घरकामगार स्त्रीच्या खटल्यात रोजगार अपील न्यायाधिकरणाने सांगितले, की काही परिस्थितींत जातीवरचा भेदभाव ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसू शकतो. २०१७ मध्ये सरकारने लोकांची मते मागवली आणि जुलै २०१८ मध्ये जाहीर केले, की स्वतंत्र तरतुदीची गरज नाही, न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. विचार करा, आपण स्वतःच जर ‘हे क्लाससारखेच आहे’ असे सांगत राहिलो, तर आपल्या दुःखाला कायद्यात जागा कुठली? क्लास तर त्या यादीतच नाही.

या शब्दाने आपल्या इतिहासातही मोठी जागा व्यापली आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत काढलेल्या संस्थेचे इंग्रजी नाव होते डिप्रेस्ड क्लासेस मिशन. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि इंग्रजी कागदांवर तिचीही ओळख डिप्रेस्ड क्लासेस इन्स्टिट्यूट अशी होती. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहा. ‘डिप्रेस्ड’ म्हणजे दबलेले. कोणी दाबले, हे त्यात कळत नाही. जणू जमीन आपोआप खचावी तसे लोक खचले. ‘बहिष्कृत’ म्हटले की लगेच प्रश्न येतो: बहिष्कार कोणी घातला? मराठी नाव आरोपीकडे बोट दाखवते, इंग्रजी नाव त्याला खोलीबाहेर जाऊ देते.

बाबासाहेबांच्या हे ध्यानात होते. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आल्यावर, १९३१ मध्ये, त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी दिलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ या नावालाच हरकत घेतली. ते अवमानकारक आहे, बदला, अशी मागणी केली आणि पर्यायही सुचवले. पुढे १९३५ च्या कायद्यात ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ हे नाव आले. क्लास गेला, कास्ट आली. सरकारी कागदाने निदान रोगाचे नाव तरी नीट लिहिले.

पण मग वर्गाचा प्रश्न बाबासाहेबांनी सोडून दिला का? मुळीच नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दोन शत्रू, दोन नावे. एकाच्या आड दुसऱ्याला त्यांनी लपू दिले नाही. आपल्यालाही तेच करायचे आहे.

इथे कोणी म्हणेल, शब्दांवर एवढे अडून कशाला बसायचे? भगवंतांनीच तर पोट्ठपाद सुत्तात सांगितले, की ही लोकव्यवहारातली नावे आहेत, तथागत ती वापरतात पण त्यांना चिकटत नाहीत. आक्षेप रास्त आहे. नाव बदलल्याने वस्तू बदलत नाही, याचे उदाहरण इथल्या रेल्वेतच आहे. जून १९५६ मध्ये ब्रिटिश रेल्वेने थर्ड क्लासचे नाव बदलून सेकंड क्लास केले. डबे तेच, बाके तीच, प्रवासीही तेच. १९८७ मध्ये त्याच सेकंड क्लासला ‘स्टँडर्ड’ म्हणू लागले. पाटी तेवढी नवी झाली.

त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी आपले नाव बदलले. ती पाटी होती का? तिला पाटी होऊ न देण्यासाठीच तर बावीस प्रतिज्ञा होत्या. काय सोडायचे, काय पाळायचे, कोणाला समान मानायचे, हे त्यांत आहे. नावामागे आचरण उभे केले म्हणून ते धम्मांतर झाले. भगवंतांच्या ‘न चिकटण्या’चा अर्थही हाच घ्यायला हवा: नावावर न थांबता त्यामागच्या वस्तुस्थितीपर्यंत जायचे. ‘शब्दच तो, काय फरक पडतो’ म्हणून चुकीचे नाव चालवून घ्यायचे, असा तो नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवू या, कारण आरसा नेहमी दुसऱ्यापुढे धरणे सोपे असते. आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत कोण पुढच्या रांगेत बसते? बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा, स्वतःचे घर घेतलेला बंधू, आणि केअर होममध्ये रात्रपाळी करून थेट वंदनेला आलेली भगिनी, या दोघांना आपण सारख्याच आवाजात ‘या, बसा’ म्हणतो का? मुला-मुलींच्या सोयरिकी ठरवताना ‘आपल्यातलेच’ म्हणजे नेमके कोण, हे कोणी हळूच विचारते का? विदर्भाचे की कोकणचे, पूर्वीचे कोण, पोटजात कोणती? तसे असेल, तर १९१६ च्या कसोटीने आपणही एक दार आतून लावत आहोत. वर्ग आपल्यात नव्याने येतो आहे आणि जात पुरती गेलेली नाही, असे दोन्ही एकदम घडू शकते.

वासेट्ठ सुत्तात भगवंत सांगतात, की गवत, किडे, पक्षी यांच्यात जन्माने वेगळेपणाच्या खुणा असतात. माणसांत तशा नसतात. शेती करणारा कामाने शेतकरी असतो, कारागिरी करणारा कामाने कारागीर. कामाची नावे राहू द्या. त्या नावांवर पायऱ्या रचू नका.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी विचारले, तर थोडा वेळ घेऊन सांगा: ‘तुमच्या क्लासमधून बाहेर पडणे अवघड आहे. जात जन्माने ठरते, लग्नाने जपली जाते आणि माणूस कुठेही गेला तरी त्याच्यामागे येते. आम्ही ती नाकारली आहे, म्हणून आम्ही बौद्ध आहोत.’ चार वाक्ये लागतील, एक अवघड क्षण येईल. तो येऊ द्या. आणि येत्या रविवारी विहारात गेलात, की मागच्या रांगेत एकटे कोण बसले आहे ते पाहा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!