शंकेची किंमत

जॉर्ज बालाबुश्का हा रशियांत जन्मलेला अमेरिकन कारागीर १९७५ सालीं वारला. पूल हा बिलियर्डच्या जातीचा खेळ. त्यांत चेंडू मारण्याची काठी, म्हणजे क्यू, तो हातानें घडवी. संग्राहक आज तिला मोठी किंमत देतात, म्हणूनच नकलाहि पुष्कळ निघाल्या. पारख मात्र कठीण. कारण त्याच्या अस्सल क्यूचें मूळ लांकूडहि बहुधा दुसऱ्याचें, ब्रन्स्विक कंपनीच्या टायटलिस्ट क्यूचें किंवा पुढें गस झाम्बोटीसारख्या कारागिराचें. पाहावयाचे ते सांधे आणि नक्षी. नवें पॉलिश चढलें कीं त्या खुणाहि पुसट होतात.

१९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटांत बालाबुश्काची म्हणून मिरविलेली क्यू जॉस या दुसऱ्याच कारखान्याची होती! चित्रपटांत हें क्षम्य. विक्रींत?

समजा, जाणत्यानें साशंक मत दिलें आहे, आणि विकणारा ‘बालाबुश्काची म्हणतात’ एवढेंच बोलतो. शब्द खोटा नाहीं. गिऱ्हाइकासहि डोळे आहेत, हा युक्तिवाद आम्हीं पुष्कळ सभ्य माणसांच्या तोंडून ऐकला आहे. पण चेंडू साध्या क्यूनेंहि सरळ जातो; गिऱ्हाईक पैसे मोजतो ते एका विशिष्ट हाताच्या कामासाठीं, आणि तो हात डोळ्यांस दिसत नाहीं. जी शंका आपणांस रात्रीं झोंप येऊं देत नाहीं, तीच दुसऱ्याच्या गळ्यांत मुकाट्यानें बांधणें आम्हांस व्यापार वाटत नाहीं. जाणत्याचें तें पत्र क्यूबरोबरच द्यावें. किंमत निम्मी उतरली तर उतरूं द्यावी.