सुरीवर खटला

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर दर उन्हाळ्यात झ्यूसच्या नावाने एक बैल मारत, आणि मग त्याच्या खुनाचा खटला चालवत. पोर्फिरी नावाच्या तत्त्वज्ञाने यामागची गोष्ट लिहून ठेवली आहे. थोडं तिखटमीठ लावून सांगायची तर ती अशी.

सोपात्रोस म्हणून एक परका माणूस तिथे शेती करायचा. एका सणाला त्याने देवापुढे रोट मांडले. तेवढ्यात शेतावरून परतणाऱ्या बैलाने त्यात तोंड घातलं आणि उरलेले तुडवले. सोपात्रोसचं डोकं फिरलं. जवळच कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावत होतं. ती हिसकावून त्याने बैलावर घातली. राग उतरल्यावर समोर काय पडलंय ते त्याला दिसलं. नांगराचा बैल म्हणजे घरातला कष्टकरी, त्याला मारणं तिथेही पापच. पोळा करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याने बैल पुरला आणि क्रीट बेट गाठलं.

पाठोपाठ दुष्काळ पडला. डेल्फीला कौल लावला तेव्हा उत्तर आलं: क्रीटमधला फरारीच यातून सोडवील; मारणाऱ्याला शिक्षा करा, मेलेल्याला उभं करा आणि त्याचं मांस चाखा.

लोक शोधत गेले. सोपात्रोस अपराधाने खंगला होता, पण व्यवहाराला चोख. ‘मला तुमच्यातला करून घ्या,’ तो म्हणाला, ‘आणि हेच सगळ्यांनी मिळून करा. मग माझ्या एकट्याच्या माथी काय उरेल?’ लोकांना पटलं. पटणारच. पाप गावभर वाटलं की कुणाच्या वाट्याला नखभरही येत नाही. मांसाचा वाटा मात्र येतो.

कामं वाटली गेली. मुलींनी पाणी आणलं. त्यावर कुऱ्हाड आणि सुरी परजली. एकाने कुऱ्हाड दिली, दुसऱ्याने घाव घातला, तिसऱ्याने गळा चिरला. जेवणं झाली. मग कातडं शिवून त्यात गवत भरलं आणि बैल नांगराला जुंपून उभा केला. झाला जिवंत!

खटला सुरू झाला.

‘आम्ही नुसतं पाणी आणलं,’ मुली म्हणाल्या. ‘धार त्यांनी लावली.’

‘धार लावणं आमचं कामच. कुऱ्हाड त्याने दिली.’

‘मी फक्त दिली. मारलं त्याने.’

‘मी मारलं खरं, पण गळा चिरला तो यानं.’

‘मी कुठे? सुरीने.’

सगळे सुरीकडे वळले. सुरी काही बोलेना. मुकीच ती. खापर तिच्यावर फुटलं, आणि तिला समुद्रात बुडवायची शिक्षा झाली.

मुलींमधली सगळ्यांत धाकटी एवढा वेळ बैलाजवळ उभी होती. पोटाकडचा एक टाका सैल झाला होता, त्यातून गवताची काडी डोकावत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि काडी बोटाने आत ढकलली.

पुढच्या उन्हाळ्यात नवी सुरी घडवून आली. धारेला पाणी हवं होतं. हाक आली तशी तिने कळशी उचलली.