एकादशी, दुप्पट खाशी

संयम विकता येतो का? प्रश्न वेडगळ वाटेल. पण अमेरिकेत तो एकदा भर बाजारात उभा राहिला. तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी दुकानांवर गिऱ्हाइकांची झुंबड उडते. २०११ साली नेमक्या त्या दिवशी, २५ नोव्हेंबरला, पॅटागोनिया नावाच्या कपड्यांच्या कंपनीने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आपल्याच जाकिटाचे चित्र छापले आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, 'हे जाकीट विकत घेऊ नका.' खाली हिशेब होता : एका जाकिटापायी १३५ लिटर पाणी खर्ची पडते, तेवढ्यात ४५ माणसांची दिवसाची तहान भागेल. म्हणून गरज नसेल ते घेऊ नका, फाटले तर दुरुस्त करा.

पुढल्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे एक तृतीयांशाने वाढली! सारी वाढ त्या जाहिरातीची, असे कोणी म्हणणार नाही. पण विक्री घटली नाही, एवढे खरे.

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु २०२२ साली मालक कुटुंबाने कंपनी विश्वस्तांच्या स्वाधीन केली आणि नफा निसर्गरक्षणासाठी लावून दिला. ढोंग इतक्या लांबवर जात नाही. खरा पेच इथेच आहे. लबाड दुकानदाराचे 'घेऊ नका' कोणी मनावर घेत नाही; प्रामाणिक दुकानदाराच्या शब्दावर विश्वास बसतो, आणि बाजारात विश्वासाइतके मोठे भांडवल दुसरे कोणते?

शिवाय गिऱ्हाइकाचे मन पाहा. मनात जी थोडी टोचणी असते, तीच त्याला दुकानाच्या उंबऱ्यावर अडवते. जाहिरातीने ती बोलून दाखवली, की ऋण फिटल्यासारखे वाटते. मग जाकीट अंगावर चढते ते पुण्याचे पांघरूण होऊन. आपल्या वाडवडिलांनी हे केव्हाच ओळखले होते. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि शिंगाड्याचा शिरा हाणणाऱ्याला ते हसून म्हणत, 'एकादशी, दुप्पट खाशी!'

न घेतलेल्या वस्तूची पावती कोणी फाडत नाही. ती अंगावर घालून मिरवता येत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी घरोघर शिवली जाई, तेव्हा तिचा कोणी गाजावाजा केला नाही. ऊब तेवढी मिळाली. दुकानदाराचा सल्ला खरा असला, तरी तो पाळायचा आपल्या कपाटापाशी, त्याच्या गल्ल्यापाशी नव्हे.

दिवाळीला नवे कपडे जरूर घ्यावेत. सणाला ते शोभते. मात्र ते निसर्गासाठी घेतले, असे म्हणू नये. हौसेला हौस म्हणावे. म्हणजे निदान तिचा हिशेब आपल्यापाशी खरा राहतो.