तीन आठवड्यांचा तांदूळ

जून लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गोरेगावात आधी घरात उरलेल्या धानाकडे नजर जाते. नवं धान हाती यायला दिवाळी उजाडणार. तोवर पुरेल का, हा हिशेब इथल्या बाया तोंडी करतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या ३१व्या डिव्हिजनचा इतिहास वाचताना मला पानोपानी तोच हिशेब दिसतो.

मार्च १९४४ च्या मध्यावर ही डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून कोहिमाकडे निघाली. माणसागणिक जेमतेम तीन आठवड्यांचं अन्न. पुढचं शत्रूच्या गोदामांतून मिळेल, हे १५व्या आर्मीचे सेनापती मुतागुची यांनी धरून चाललेलं. रसद म्हणून हाकत नेलेली कितीतरी गुरं वाटेतच मेली.

वाटेवर मणिपूरमधलं सांगशाक हे तांगखुल नागांचं गाव होतं. तिथे ५०व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची बटालियन उभी होती. जमीन खडकाळ, खंदक धड खणता येईनात, पाणी तर मोजूनच. तरी २६ मार्चच्या रात्रीपर्यंत ती टिकली. शेवटी गाव सोडावं लागलं म्हणून सांगशाकला पराभव म्हणतात. मला ते पटत नाही. ३१व्या डिव्हिजनमधल्या मियाझाकींच्या तुकडीचे तिथे जितके दिवस गेले, तितके त्या तीन आठवड्यांतून वजा झाले.

एप्रिलपासून कोहिमाची झुंज चालली. डिव्हिजनचे सेनापती कोतोकु सातो वरिष्ठांकडे रसद मागत राहिले. ती आली नाही. मेच्या अखेरीस त्यांनी हुकूम मोडून माघार घेतली. त्यांच्यावर लष्करी खटला चालला नाही. मानसिक संतुलन बिघडल्याचं ठरवून प्रकरण मिटवलं गेलं. माझ्या मते त्या साऱ्या मोहिमेत शुद्धीवरचा निर्णय तोच होता.

पण सातोंना नायक करताना माझा हात अडखळतो. त्यांची फौज चाल करून आली होती, आणि जे अन्न तिला मिळालं त्यातलं पुष्कळसं नागा घरांतलं होतं. डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांनी धान लावणाऱ्या त्या बायांनीही वर्षाचा हिशेब मांडलेला असणार. त्यांची नावं कुठल्याच रेजिमेंटच्या इतिहासात नाहीत.

त्या युद्धासाठी इंग्रजांनी बांधलेली बिरसीची धावपट्टी आमच्याच जिल्ह्यात आहे. भोवती धानाच्या बांध्या. सातोंचे सैनिक भर पावसात चिंदविनकडे परतताना भुकेनं, आमांशानं, मलेरियानं वाटेवर पडत गेले, ते जून-जुलैचे दिवस होते. इकडे तेव्हा रोवणी चालू असणार.